बारा विहिरींतून गेलेली रेघ

माझे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, मेहकरच्या शाळेत गणित शिकवत. आता निवृत्त झालेत, पण शिकवणं सुटलेलं नाही. घरातल्या कुठल्याही लग्नात जेवणं आटोपली की ते सुपारी कातरत माझ्या विहिरीची गोष्ट सुरू करतात. त्या गोष्टीत एक मास्तर असतो आणि एक मिरचीचा व्यापारी. शहाणपण कोणाच्या वाट्याला येतं ते सांगायला नको. माणसं पोट धरून हसतात. मीही हसतो, कारण पाहुण्यांत उठून भांडण करणं बरं दिसत नाही. पण बारा विहिरींपैकी एक विहीर ते दर वेळी गाळतात. अकराच सांगतात. ती बारावी माझ्या मनात इतकी वर्षं सलते आहे, म्हणून लिहायला बसलो.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. माझा धंदा मिरचीचा. सुरुवात धाडच्या बाजारात गोणपाट अंथरून केली. वडिलांनी मला दिलं ते फक्त नाव आणि तापट डोकं. मिरचीच्या धंद्यात सांगितलेला भाव खरा धरणारा माणूस दुसऱ्या बाजाराला दिसत नाही. म्हणून मी एक नेम केला होता. समोरचा काहीही सांगो, आधी मनातल्या मनात रुपयामागे चार आणे कापायचे आणि मग तोंड उघडायचं. पुढे पुढे तर हे कापणं आपोआप होऊ लागलं. डॉक्टरांनी आठ दिवस औषध घ्यायला सांगितलं तर मी सहा दिवस घ्यायचो आणि बरा व्हायचो.

अशा कापाकापीतूनच उंद्रीजवळ मी जमिनीचा एक तुकडा घेतला. नाल्यापासून वर चढत जाणारी जमीन. खाली काळी माती, वर हलकी. जमीन नावावर झाली त्याच्या आधीपासून माझ्या बायकोनं परसात लिंबाची रोपं लावून ठेवली होती. फुटके डबे, मडक्यांची बुडं, जे सापडेल त्यात. दीडशे रोपं होती. दोन उन्हाळे तिनं ती डोक्यावरून पाणी आणून जगवली. लिंबाला पाय ओले ठेवलेले चालत नाहीत, म्हणून ती वरच्या हलक्या जमिनीतच लावायची असं तिनं ठरवून टाकलं होतं, आणि विहीरही वरच हवी, म्हणजे पाणी आपल्या पायानं खाली येईल. डब्यात रोपांची मुळं आता गोल फिरायला लागली होती. येत्या पावसाळ्यात ती जमिनीत गेली नाहीत तर गेलीच.

मला चिंता एकच. नाल्याजवळ पाणी वर असतं आणि वर जावं तसं खोल जातं, एवढं कोणालाही कळतं. पण माझ्या जागी किती खोल? पाणी दाखवणारा एक जण हातात नारळ धरून शेतभर फिरला आणि त्यानं तीन जागा दाखवल्या. मी एकच मागितली तर रागावून निघून गेला.

त्या दिवाळीला साडभाऊ सहकुटुंब आमच्याकडे आले होते. ओट्यावर बसून त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि म्हणाले, "भाऊ, यात नारळाचं काय काम आहे? शिवारात आधीच विहिरी आहेत ना? प्रत्येक विहीर नाल्यापासून किती पावलं आहे आणि पाणी किती परसावर लागलं, एवढं मले आणून द्या. बाकीचं कागद सांगन."

परस म्हणजे एक उभा माणूस. आमच्याकडे विहिरीची खोली माणसांनीच मोजतात.

मी वही घेऊन निघालो. पावलं मी स्वतः मोजली, त्यात खोट नाही. खोली मात्र मालकाला विचारावी लागली. पहिलाच भेटला तो एक म्हातारा, मोट चालवत होता.

"बाबा, कितीवर लागलं पानी?"

"आठ परस. आठ! खालचा परस तं नुस्ता काळा दगड. हाताची सालं निंघाली आमच्या."

"आठ कसे असतीन? सहा म्हना न."

"अबे, इहीर मी खोदली का तू खोदली?"

"बरं, सात."

"हा मिरचीचा ढीग हाय काय बे? आठ म्हनलं तं आठ!"

मी मान डोलावली आणि वहीत सहा लिहिले. आता यात माझं काय चुकलं ते सांगा. ज्यानं विहीर खोदली तो खोली वाढवूनच सांगणार. आपल्या घामाचा भाव कोण उतरवून सांगतो? दुसरा चार म्हणाला, मी तीन लिहिले. तिसऱ्यानं छातीवर हात ठेवून पाच सांगितले, त्याच्या डोळ्यांत पाहून मी पावणेचार धरले. अशा अकरा विहिरी झाल्या.

बारावी पडीक होती. मालक नोकरीसाठी कधीचाच परगावी गेलेला. काठावर घाणेरीची झुडपं, आत पारवे. विचारायला कोणी नाही, तेव्हा मी दोराला माझ्या उंचीच्या गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि आत सोडला. तीनदा सोडला. तिन्ही वेळा सहा परस. समोर बोलणारंच कोणी नव्हतं, त्यामुळे कापायचं तरी कोणाचं? सहाचे सहा लिहिले.

रात्रीचं जेवण व्हायच्या आत साडभाऊंनी चौकटीचा कागद पाटावर पसरला. असा कागद मी पहिल्यांदाच पाहत होतो. लहान लहान चौकटी, मुंग्यांनी शेत वाटून घेतल्यासारख्या. खालच्या रेघेवर त्यांनी नाल्यापासूनची पावलं मांडली आणि डाव्या उभ्या रेघेवर खोली. मग एकेका विहिरीचा एकेक ठिपका. जितकी विहीर नाल्यापासून लांब, तितका ठिपका उजवीकडे. जितकी खोल, तितका वर.

"थांबा," मी म्हणालो. "खोल इहीर वर कशी गेली? मी काय आभाळात खोदनार हाय?"

"कागदावर तसंच असतं, भाऊ."

"मंग कागद चुकला."

साडभाऊंनी कागद उचलला, उलटा फिरवला आणि माझ्यासमोर धरला. "आता झाली न खाली?" आतून त्यांच्या बायकोच्या हसण्याचा आवाज आला. मी म्हणालो, ठीक आहे, राहू द्या सरळच.

बारा ठिपके पडले. एका ओळीत काही ते नव्हते; वाट फुटेल तसे इकडं तिकडं होते, तरी सगळ्यांचा रोख एकीकडेच होता, डावीकडून उजवीकडे चढत जाणारा. साडभाऊंनी माझ्या बायकोकडून काळा दोरा मागून घेतला. दोन्ही हातांच्या अंगठ्यांत ताणून तो कागदावर धरला आणि थोडा इकडे, थोडा तिकडे सरकवत राहिले.

"हे काय करून राह्यले?"

"रेघ शोधून राह्यलो. ठिपके एका सुतात नसतात, कधीच नसतात. पण त्यांच्या मधून एक सरळ रेघ अशी जाते की जितके ठिपके वर तितकेच खाली राहतात, आणि कोणीच फार दूर राहत नाही. ती सापडली की पुढचं सांगता येतं."

हे मला पटलं. बाजारात शंभर जण शंभर भाव सांगतात आणि तरी संध्याकाळपर्यंत एक भाव ठरतोच. पण दोरा स्थिर होईना. साडभाऊंचं लक्ष एका ठिपक्याकडे पुन्हा पुन्हा जात होतं. बाकी सगळे घोळक्यात, हा एकटाच बराच वर.

"हा कोन?"

"पडीक इहीर. सहा परस."

"मोजण्यात चूक झाली असन."

"तीनदा मोजली. बाकीच्या तं नुस्त्या ऐकल्या, याच एका इहिरीत मी दोर सोडला."

"एकासाठी बाकीच्या अकरांवर अन्याय होते, भाऊ. असा एखादा भरकटलेला असतोच." असं म्हणून त्यांनी कानावरची लाल पेन्सिल काढली आणि त्या ठिपक्यावर फुली मारली. सराईत हातानं, पोराच्या वहीत मारावी तशी. मी तोंड उघडलं होतं, पण मी चौथी शिकलेला आणि ते बी. एस्सी. तोंड मिटलं. त्या मिटलेल्या तोंडाचा राग मला अजून आहे.

मग रेघ चटकन सापडली. त्यांनी पट्टी लावून ती ओढली आणि शेवटच्या ठिपक्याच्या पुढे तुटक तुटक करत माझ्या जागेपर्यंत नेली. माझी जागा सगळ्या विहिरींच्या वर, नाल्यापासून तीनशे चाळीस पावलांवर.

"सहा परस," ते म्हणाले.

"पावणेसहा करा."

"काय?"

"मास्तर, घरचं काम हाय. पाव परस सोडा न."

"भाऊ, हा दोरा हाय, दलाल नाही. आन् ही तुटक रेघ फक्त अंदाज हाय हे ध्यानात ठेवा. ठिपके जिथं संपले तिथून पुढं मी शपथ घेत नाही."

हे शेवटचं वाक्य त्यांनी म्हटलं होतं, हे मी कबूल करतो. पण ते इतक्या हळू म्हटलं होतं की सहा परस ऐकून उठलेल्या माणसाच्या कानात ते शिरणं शक्य नव्हतं.

होळी झाल्यावर विहीर खोदणारी टोळी आली. बायाबापड्या, गाढवं, पहारी, सुरुंगाचं सामान. मुकादम माझ्याच वयाचा होता आणि माझ्याइतकाच पोचलेला. मी त्याला कागद दाखवला. त्यानं तो उन्हात धरला, बोट फिरवलं, बोट पाहिलं.

"शेठ, यात पानी हाय म्हनता? ओला तं लागत नाही."

"सहा परसावर लागन. सहाचाच करार."

"आन् नाही लागलं तं?"

"लागन."

"लागन तं लागन. पन सहा झाले की आमी मोकळे. अक्षय तृतीयेच्या आधी जालन्याकडं दुसरं काम धरलं हाय, तिथं माणसं वाट पाहून राह्यली." त्यानं मान डोलावली तेव्हा मला वाटलं मी जिंकलो. अशा टोळ्या काम लांबवतात असं सगळे म्हणत, मी तर त्याला मापातच बांधून टाकला होता. त्याच मापात मीही बांधला गेलो हे तेव्हा दिसलं नाही.

पहिले तीन परस मुरमात झपाट्यानं गेले. चौथ्याला दगड लागला. पाचव्यापासून रोज सुरुंग. माझी बायको रोपांना पाणी घालून झालं की काठावर येऊन बसायची आणि वर येणारं प्रत्येक टोपलं न्याहाळायची. सहावा परस संपला त्या दिवशी तळ झाडून घेतला तर धूळ उडाली. मुकादम आतून वर आला, अंगावरची पांढरी भुकटी झटकली आणि म्हणाला, "शेठ, आता कागद पिळून पाहा. काही थेंब निंघले तं निंघले."

टोळीतली माणसं हसली. बायको हसली नाही. घरी येऊन तिनं रिकामी घागर माझ्यासमोर पालथी ठेवली आणि परसदारी जाऊन रोपांचे डबे सावलीत सरकवायला लागली, एक एक करून, दीडशे. त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

मुकादमाला मी थांबायला सांगितलं. तो म्हणाला, "परवा सकाळी गाड्या जुंपतो. तोपर्यंत मानसं थकलीच हायेत, झोपतीन."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं निघालो. चिखलीला गाडी बदलली. मेहकरपर्यंत मी मनात भाषण तयार केलं होतं आणि ते चांगलं झालं होतं. साडभाऊंची शाळा सकाळची होती. मी पोचलो तेव्हा ते घरी येऊन पाय धूत होते.

"मास्तर, तुमची रेघ कोरडी निंघाली."

"बसा आधी."

"बसायले नाही आलो. दीडशे रोपं वाळून राह्यली तिकडं. पोराच्या वहीत फुल्या मारनं अलग आन् लोकाची इहीर खोदवनं अलग. तुमाले कोनं सांगतलं होतं मले शहाना करायले? नारळवाला बरा होता, त्यानं तीन जागा तं दाखवल्या!"

मेहुणीनं ताकाचा गिलास पुढे केला. मी रागात असलो तरी ताक प्यायलो. ऊन फार होतं. साडभाऊ ट्रंकेतून कागद काढून समोर घेऊन बसले. मग त्यांनी शाळेतल्या आवाजात विचारलं, "आकडे कोणी दिले?"

"त्या त्या मालकानं."

"त्यांनी सांगितले तसेच लिहिले?"

"तसेच म्हंजे... वाजवी करून लिहिले."

"वाजवी म्हणजे?"

"म्हंजे कोनी आठ म्हनलं तं काय आठ धरायचे? रुपयामागं चार आने तं कोनीबी वाढवून सांगते. तेवढे कापले."

मग मेहुणीनं पदर तोंडात धरला आणि ती भिंतीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. साडभाऊंनी चष्मा काढला.

"भाऊ, तुमी इहिरीसंगं घासाघीस केली?"

"इहिरीसंगं नाही. मालकासंगं."

"सगळ्याइची?"

"सगळ्याइची. मी कोनाले कमीजास्त करत नाही, हिसाबानं करतो."

हे ऐकून ते जे हसले ते हसू त्यांच्या आत कुठेतरी इतकी वर्षं अडकलेलं असावं. मला त्या क्षणी त्यांच्या डोक्यात ताकाचा गिलास घालावासा वाटला होता. पण हसणं ओसरल्यावर त्यांनी काम मात्र केलं, ते नाकारता येणार नाही. नवा कागद घेतला. मी मूळचे आकडे आठवून सांगत गेलो. भाव आणि माप मी कधी विसरत नाही. सहा होता तो आठ झाला, तीन होता तो चार. ठिपके एकेक करून वर चढले. मेहुणीनं शिवणाच्या डब्यातला दोरा दिला. साडभाऊंनी तो ताणला, सरकवला. नाल्याजवळ दोरा होता तिथेच राहिला, पण उजवं टोक वर उचललं गेलं. रेघ पहिलीपेक्षा ताठ झाली. तुटक करत माझ्या जागेपर्यंत नेली तर आठ परस.

"दोन परस राहिले तुमचे," ते म्हणाले. "चार आण्यांचे."

मी कागदाकडे पाहत होतो. मला काही तरी कमी वाटत होतं. ठिपके मोजले. अकरा.

"ती पडीक इहीर कुठं हाय?"

"ती तं खोडली होती ना."

"ती मी कापली नव्हती. मोजली होती. सहा होती, सहाच हाय. टाका."

ते नाखुशीनंच पेन्सिल घेऊन वाकले. नाल्यापासून दोनशे पंचावन्न पावलं, सहा परस. त्यांनी ठिपका दिला आणि तो दिसेना. मी म्हणालो, टाकला का? त्यांनी डावा अंगठा हळूच उचलला, दोरा सैल पडला, आणि दोऱ्याखाली ठिपका होता. बरोबर खाली. बारांपैकी दुसरा एकही इतका नेमका बसला नव्हता.

जुन्या कागदावर त्याच ठिपक्यावर लाल फुली होती. दोन्ही कागद शेजारी शेजारी. साडभाऊंनी एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे.

"हं," ते म्हणाले.

बस, एवढंच. "हं." त्या "हं"च्या पुढचा शब्द ऐकायला मी आजपर्यंत थांबलो आहे.

"हं काय?" मी म्हणालो. "एकच खरा होता, त्यालेच फुली मारली तुमी. तो तिथं काऊन उभा हाय हे पाहायले गेलो असतो तं दिवाळीतच समजलं असतं."

"तुमी अकरा खोटे आणले म्हणून बारावा वेगळा दिसला."

"वेगळा दिसला म्हनून खोडायचं?"

"अकरा जणांनी एकसारखी साक्ष दिली तर कोणीही—"

"आता तुमी दोघंबी बरोबरच राहा," मेहुणी म्हणाली, "आन् तिकडं ताईची रोपं वाळू द्या. दोनची गाडी हाय भाऊजी. डबा बांधू का?"

दोनची गाडी मी धरली. घरी पोचायला दिवस मावळला. सकाळी शेतावर गेलो तर टोळीचं बिऱ्हाड अर्धं गाड्यांवर चढलेलं. मी मुकादमाला गाठून म्हणालो, आणखी दोन परस, म्हणशील तो दर.

त्यानं दर विचारलाच नाही. मला नवल वाटलं. "दराचं नाही, शेठ. मानसाचं मन उडालं की पहार चालत नाही. सगळे म्हनतात खाली दगडच हाय. तुमी आधी सहा म्हनत होते, कागद दाखवून म्हनत होते. आता आठ म्हनता. तेबी कागद दाखवूनच. सहा खोटं होतं तं आठ खरं कसं, तेवढं सांगा. पटलं तं उतरतो."

टोळी गोळा झाली होती. माझी बायकोही आली होती, डोक्यावर घागर तशीच. धंद्यात मी आयुष्यात कोणाला माझा आतला भाव सांगितलेला नाही. बायकोलाही नाही. त्या दिवशी धुळीत बसून काडीनं रेघ काढली, खडे मांडले आणि सांगितलं. कोणी आठ म्हणालं की मी सहा कसे लिहिले. कोणी चार म्हणालं की तीन कसे. सगळं.

आधी मुकादम हसला. मग त्याचा भाऊ. मग गाडीवर चढलेल्या बाया खाली उतरल्या, काय झालं म्हणून, आणि त्यांना पुन्हा सांगावं लागलं. एक म्हातारी म्हणाली, "अवं माय, यानं लग्नात सप्तपदीबी पाचच चालली असन!"

"पाच नाही," माझी बायको म्हणाली. "सव्वापाच."

रुपयामागे चार आणे तिला माहीत होते, इतकी वर्षं. हिशोबही चोख. मी तिच्याकडे पाहिलं, ती घागरीचा काठ नीट करत होती.

मुकादम डोळे पुसत उठला. "शेठ, असला खोटारडेपना डोक्यातून काढून सांगता येत नाही. म्हंजे खराच असन. आठ. पन आठाच्या खाली एक टोपलंबी नाही." आणि त्यानं गाडीवरची पहार काढली.

ते दोन परस खोदायला नऊ दिवस लागले. काळा दगड, असा की पहार वाजली की कानात घंटा. सातवा परस कोरडा गेला. मी काठावर जाणं बंद केलं. बायको जायची. आठव्याच्या मध्यावर रोज दोनच्या ठिकाणी तीन सुरुंग लावले. एका दुपारी सुरुंग उडाल्यावर धूर बसला, माणसं खाली उतरली आणि पहिलं टोपलं वर आलं. त्यातला चुरा नेहमीसारखा पांढरा नव्हता, काळपट होता. बायकोनं त्यात हात घातला. मूठ वळली, उघडली. चुरा मुठीच्या आकाराचाच राहिला.

तिनं तो माझ्याकडे घरी पाठवला, पळसाच्या पानात बांधून. निरोप नाही, काही नाही. मी पुडी उघडली आणि अनवाणीच शेताकडे धावलो.

संध्याकाळी खालून आवाज आला की भिंतीतून झरा सुटला. सकाळी पाहिलं तर गुडघाभर पाणी. टोळीला पेढे, नारळ, मुकादमाला धोतर, सगळं रीतसर केलं. मृग लागला तेव्हा दीडशेतली एकशे एकेचाळीस रोपं जमिनीत गेली. नऊ त्या दिवसांतल्या उन्हानं नेली, आणि ती नऊ कोणाच्या नावावर लिहायची हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही.

पाणी लागल्याचं मी साडभाऊंना पोस्टकार्डानं कळवलं. त्यांचं लगेच उलट कार्ड आलं: अभिनंदन, तेराव्या ठिपक्यासाठी नेमकी खोली कळवावी, मुलांना वर्गात दाखवायचं आहे. मी दोर सोडला. लिहून टाकलं: पावणेआठ परस.

आठ दिवसांनी दुसरं कार्ड आलं. त्यावर दोनच ओळी होत्या. "आणखी एकदा मोजा. या खेपेस दोर ताईंच्या हाती द्यावा."

मी कार्ड फाडणार होतो. बायकोनं हातातून काढून घेतलं. ती दोर घेऊन गेली, दगड बांधला, वाकून सोडला, गाठी मोजत वर घेतला. मी काठावर उभा होतो. म्हणालो, पाणी चढलंय, दगड तिरपा गेला असेल, माझी उंची तेव्हा जास्त असेल. शेवटच्या, आठव्या गाठीच्या वर तिनं दोन बोटं धरली, मला दाखवली आणि घरी चालू लागली.

तिला लिहिता येत नव्हतं, पण आकडे येत होते. मिरचीच्या पोत्यांवर वजन तीच टाकायची. मी नवं कार्ड काढलं. पत्ता मी लिहिला. आकडा तिनं लिहिला.